पेंढी पाण्याबाहेर कधी काढायची?

बेल्जियममधल्या कोर्ट्राइक शहरातून वाहणाऱ्या लैये नदीला तिच्या भरभराटीच्या काळात ‘सोन्याची नदी’ म्हणत. तिच्या वाळूत सोन्याचा कण नव्हता. वसंतापासून शरदापर्यंत तिच्या काठाला लाकडी पिंजरे बुडवलेले असत आणि त्यांत जवसाच्या वाळलेल्या ताटांच्या पेंढ्या उभ्या रचून कुजत घातलेल्या असत. पेंढ्या तरंगू नयेत म्हणून पिंजऱ्यांवर दगड ठेवत. चार दिवस, आठ दिवस, हवा गार असेल तर त्याहून जास्त; मग पिंजरे वर ओढायचे, पेंढ्या शेतात उभ्या करून वाळवायच्या. पुढे ताटं मोडून, झोडून, विंचरून निघायचा तो फिकट सोनेरी, तलम धागा. बेलफास्टचे लिननवाले तो मुद्दाम कोर्ट्राइकहून मागवत. नदीकाठी राहणाऱ्यांच्या नाकाला मात्र सगळा मोसमभर खवट लोण्याचा वास असे. हा वास ब्युटिरिक आम्लाचा. लोणी खवट होतं तेव्हा त्यात जे तयार होतं, तेच आम्ल जवस कुजवणारे जिवाणू पाण्यात सोडतात.

आपल्याकडे जवस म्हणजे चटणी आणि तेल. विदर्भात हे पीक पिढ्यान्‌पिढ्या घेतलं गेलं ते बियांसाठी. त्यामुळे उंची दुकानात टांगलेला लिननचा सदरा जवसाच्या सालीपासून होतो, हे ऐकून अनेकांना नवल वाटतं. ज्यानं कधी अंबाडीचा वाख काढला आहे त्याला ते वाटणार नाही. जवस असो, अंबाडी असो, सन असो की बंगालचा ताग, कारभार एकच. बाहेरची साल आणि आतली लाकडासारखी काडी यांच्यामध्ये लांबच लांब धाग्यांचे जुडगे असतात. धागा मुख्यतः सेल्युलोजचा. त्या जुडग्यांना आपसांत, सालीशी आणि काडीशी चिकटवून ठेवतं ते प्रामुख्यानं पेक्टिन. पेरूची जेली ज्याच्यामुळे थिजते तेच हे पेक्टिन, वनस्पतींच्या पेशीभित्तिकेतला आणि दोन पेशींच्या सांध्यातला चिकट भाग. ताट कोरडंच सोलायला घेतलं तर धागा साल-काडीसकट तुटून येतो. म्हणून ते पाण्यात घालायचं, कुजू द्यायचं, आणि पेक्टिन गेलं पण सेल्युलोज अजून शाबूत आहे अशा नेमक्या वेळी बाहेर काढायचं.

सगळी मेख त्या ‘नेमक्या वेळी’त आहे. लवकर काढलं तर साल धाग्याला धरून राहते, विंचरताना धाग्याचा चोथा होतो. उशीर झाला तर धागा हातात येतो पण जोर लावला की तुटतो. ऐन उन्हाळ्यात पाणी कोमट असताना या दोन्हींमधलं अंतर एखाद्या दिवसाचंही नसतं. या धंद्याचा इतिहास यंत्रांचा किंवा व्यापाराचा म्हणून लिहिता येतो, तसा तो लिहिलाही गेला आहे. पण पाण्यात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या बाजूनं पाहिलं तर तो मुख्यतः एका प्रश्नाचा इतिहास आहे: पेंढी बाहेर कधी काढायची?

रोमन लेखक थोरला प्लिनी यानं इसवी सनाच्या पहिल्या शतकात आपल्या ‘नॅचरल हिस्टरी’च्या एकोणिसाव्या खंडात जवसाची कृती दिली आहे. उन्हानं तापलेल्या पाण्यात पेंढ्या बुडवाव्यात, वर वजन ठेवावं, साल सैल झाली की ताट मुरलं असं समजावं, मग उन्हात वाळवून दगडावर लाकडी हातोड्यानं बडवावं. म्हणजे कसोटी काय, तर साल सैल होणं. दीड-दोन हजार वर्षांनंतर आयर्लंडमधला शेतकरीही फार वेगळं काही करत नव्हता. तो डबक्यातून एक ताट उपसायचा, वीतभर अंतरावर दोन ठिकाणी मोडायचा आणि मधला काडीचा तुकडा खाली ओढायचा. तुकडा धाग्याला न अडकता सुळकन निघाला तर आजच पेंढ्या काढायच्या. अडकला तर उद्या पुन्हा पाहायचं. या परीक्षेला उपकरण लागत नव्हतं, पण ती रात्रीबेरात्रीही करावी लागे. कोर्ट्राइकच्या लोकांनी तर त्याहून हुशारी केली. ते पहिल्या बुडवणीत ताट जाणूनबुजून कच्चं ठेवत, बाहेर काढून शेतात शंकूसारख्या राशी करून वाळवत आणि मग दुसऱ्यांदा नदीत सोडत. कुजण्याला मध्येच लगाम घातल्यामुळे अखेरच्या दिवसांवर ताबा राहायचा. त्यांचा माल सगळ्यांत महाग का विकला जाई, याचं श्रेय व्यापारी नदीच्या मृदू पाण्याला देत. पाण्याचा वाटा असेलच, पण त्या दोन बुडवण्यांचा वाटा कमी लेखता येत नाही.

नदीला याची किंमत मोजावी लागायची. कुजवणीचं पाणी प्राणवायू खाऊन टाकतं, मासे मरतात, जनावरं त्या पाण्याला तोंड लावत नाहीत. इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या काळात, म्हणजे सोळाव्या शतकात, जनावरं पाणी पितात अशा नदीनाल्यांत हेंप (भांगेच्या जातीचं धाग्याचं झाड) आणि जवस कुजवायला बंदी करणारा कायदा झाला. इटलीत बोलोन्या आणि फेराराच्या सपाटीवर शेतकऱ्यांनी त्यासाठी शेतातच वेगळी तळी खणली. त्यांना ‘माचेरो’ म्हणतात, आणि त्यांतली काही आजही त्या मुलखात दिसतात. त्या तळ्यांतला हेंप व्हेनिसच्या आरमारी गोदीतल्या ‘ताना’ या दोरखान्यात जात असे. गलबताचं शीड आणि दोर दोन्ही अशा कुजवलेल्या सालीचे. आरमाराची ताकद तळ्यात कंबरभर पाण्यात उभ्या असलेल्या शेतमजुराच्या अंदाजावर अवलंबून होती, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होते. पण फार नाही.

भारताचा या गोष्टीत प्रवेश होतो तो याच आरमारी गरजेपायी. ब्रिटिश जहाजांचा हेंप रशियातून यायचा आणि युरोपात युद्ध पेटलं की तो अडायचा. मग ईस्ट इंडिया कंपनीची नजर हिंदुस्थानातल्या सनाकडे वळली. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे विल्यम रॉक्सबर्ग यांनी सन, ताग आणि इतर कितीतरी झाडांच्या धाग्यांचे दोर वळवून त्यांना वजनं टांगून ते कुठे तुटतात हे तपासलं. कोरडे तपासले, पाण्यात अनेक दिवस बुडवूनही तपासले. मुंबईहून बाहेर जाणारा सन पुढे व्यापारात ‘बॉम्बे हेंप’ म्हणून ओळखला गेला. क्रिमियाच्या युद्धानं रशियाचा माल पुन्हा अडवला तेव्हा, १८५५ साली, जॉन फोर्ब्स रॉइल यांचं हिंदुस्थानातल्या धाग्यांच्या झाडांवरचं जाडजूड पुस्तक लंडनला निघालं. त्याच वर्षी जॉर्ज ॲकलंड यानं हुगळीकाठी रिश्रा इथे तागाची पहिली गिरणी घातली. लंडनच्या बाजारात हिंदी धाग्याबद्दलची तक्रार ठरलेली असे: धाग्यात जोर आहे, पण साफसफाई नीट नाही. म्हणजे साल राहिली आहे, म्हणजेच कुजवणी कमीजास्त झाली आहे.

महाराष्ट्रात हे काम बाजारासाठी कमी आणि गावासाठी जास्त चाले. ज्वारी-कापसाच्या कडेनं किंवा मधल्या ओळींत अंबाडी पेरायची. कोवळा पाला भाजीला, बोंडाच्या पाकळ्या सरबताला नाहीतर चटणीला, आणि झाड वाढलं की त्याच्या पेंढ्या नाल्याच्या डोहात. वर दगड, चिखल, जे हाताशी येईल ते. साल सुटली की सोलून, पाण्यावर आपटून धुऊन वाळत घालायची. राहिलेल्या सणकाड्या चुलीला. बलुतेदारीत दोर वळण्याचं काम मातंग समाजाकडे होतं. मोटेचा जाड नाडा, बैलाचा कासरा, वेसण, म्होरकी, दावं, शिंकं हे सगळं त्यांच्या हातून यायचं आणि पोळ्याला तर बैलाला सगळा साज नवा लागायचा. मोटेचा नाडा म्हणजे थट्टा नव्हे: पाण्यानं भरलेली चामड्याची मोट विहिरीतून वर येत असताना तो तुटला तर बैल आणि माणूस दोघांच्याही जिवावर बेतायचं. असा नाडा वळणाऱ्याला वाख हातात घेताच तो डोहात किती दिवस होता हे कळायचं. गावगाड्याच्या नोंदींत दोराचं बलुतं किती पेंढ्या हे सापडतं. ही ओळख कुणी टिपून ठेवल्याचं फारसं दिसत नाही. त्या कारागिरीला कागदावर जागा मिळाली नाही, कारण ती ज्यांच्याकडे होती त्यांना कागदाजवळ येऊ दिलेलं नव्हतं.

बंगालमध्ये प्रमाण वेगळंच होतं. स्कॉटलंडमधल्या डंडीच्या आणि पुढे हुगळीकाठच्या गिरण्यांना गोणपाटासाठी ताग पुरवायचा म्हणजे पावसाळ्याच्या अखेरीला तळी, खड्डे, भातखाचरं सगळीकडे पेंढ्याच पेंढ्या. पुरुषाहून उंच ताटाचा बुंधा जाड आणि शेंडा कोवळा, त्यामुळे शेंडा आधी कुजतो आणि बुंधा मागे राहतो. म्हणून जाणता शेतकरी पेंढ्या आधी दोन-तीन दिवस गुडघाभर पाण्यात नुसत्या उभ्या करतो, बुंध्याला आघाडी मिळू देतो, मग आडव्या करतो. वर वजनासाठी चिखल किंवा केळीचे खुंट टाकले की धागा काळवंडतो, कारण चिखलातलं लोह आणि सालीतलं टॅनिन यांचा रंग चढतो. व्यापाऱ्याला हे पेंढी उघडताच दिसतं आणि भाव पडतो. धागा काढताना माणूस कंबरभर पाण्यात उभा राहतो, मूठभर ताटांच्या बुंध्यावर लाकडी ठोकणीनं मारतो, काड्या मोडतो आणि झटके देत धागा पाण्यावरून ओढून घेतो. पाणी काळं, वास डोक्यात जाणारा, अंगाला खाज. १९४७ ला फाळणी झाली तेव्हा तागाची बहुतेक शेतं पूर्व बंगालात आणि गिरण्या कलकत्त्याच्या आसपास राहिल्या. भारतानं तागाची आणि जोडीला मेस्ताची, म्हणजे आपल्या अंबाडीची, लागवड वाढवायचा धडाका लावला, पण कुजवणीची पद्धत तीच राहिली.

या पाण्यात काम नेमकं कोण करतं, याचा उलगडा व्हायला एकोणिसावं शतक संपत आलं. पेक्टिन माहीत झालं होतं. फ्रान्समधल्या नान्सी इथल्या आंरी ब्राकोनो यांनी १८२५ साली त्याचं वर्णन केलं होतं. कुजणं हे जिवाणूंचं काम आहे हेही पाश्चरनंतर सगळ्यांनी मान्य केलं होतं. पण कुठला जिवाणू? रशिया तेव्हा जगातला सर्वांत मोठा जवस-उत्पादक, त्यामुळे प्रश्न रशियात सुटला यात आश्चर्य नाही. सेंट पीटर्सबर्गमध्ये सर्गेई विनोग्राड्‌स्की यांच्या प्रयोगशाळेत फ्रिबेस या त्यांच्या सहकाऱ्यानं कुजत्या जवसातून हवेशिवाय वाढणारा, बीजाणू धरणारा एक दंडाकार जिवाणू वेगळा काढला. १८९५ साली विनोग्राड्‌स्कींनी ते पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडलं. त्या टिपणातली खरी महत्त्वाची गोष्ट अशी: या जिवाणूला पेक्टिन दिलं की तो फोफावतो, सेल्युलोज दिलं की त्याला हातही लावत नाही.

शेतकऱ्याच्या हजारो वर्षांच्या अनुभवाचं मूळ इथे होतं. धागा वाचतो, कारण कुजवणाऱ्याला धागा खाताच येत नाही.

१९०४ साली नेदरलँड्समधल्या डेल्फ्टमध्ये बायरिंक आणि व्हॅन डेल्डन यांनी पुढचं पाऊल टाकलं. जिवाणू पेक्टिन तोडण्यासाठी एक एन्झाइम बाहेर सोडतो असं त्यांनी दाखवलं आणि त्याला ‘पेक्टोसिनेज’ असं नाव दिलं. मग इटालियन पुढे आले. नेपल्सजवळ पोर्तिची इथे जाकोमो रोस्सी यांनी हौदात हवा फुंकून, हवेत वाढणारा ‘बॅसिलस कोमेसी’ घालून कुजवणी करून दाखवली. दोमेनिको कार्बोने यांनी उलट वाट धरली. हवेशिवाय वाढणारा एक जिवाणू निवडून त्याचं विरजण हौदाला लावायचं. बोलोन्याचं प्राचीन नाव ‘फेल्सिना’, म्हणून जिवाणू झाला ‘बॅसिलस फेल्सिनेउस’. हेंपच्या तळ्यांच्या मुलखाला दिलेली ही मानवंदना जिवाणूशास्त्रात अजून टिकून आहे; आज त्याला क्लॉस्ट्रिडियम फेल्सिनेउम म्हणतात. विरजणामुळे दिवस कमी लागले, धागा एकसारखा निघाला. पण जिवाणू सेल्युलोज का सोडून देतो, हे कुणालाच सांगता येईना. एन्झाइमचा आकार कुणी पाहिलेला नव्हता.

तो आकार सापडला तो धाग्याच्या धंद्यात नव्हे, बटाट्याच्या सडण्यात.

अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये एल. आर. जोन्स यांनी १९०१ साली गाजर मऊ पडून सडवणाऱ्या जिवाणूचं वर्णन केलं. पुढे त्यांनी दाखवलं की तो पेशींना जोडणारं पेक्टिन विरघळवतो, त्यामुळे पेशी सुट्या होतात आणि गाजराचा लगदा होतो. म्हणजे जवसाच्या ताटात जे हवंहवंसं, तेच कोठारातल्या गाजर-बटाट्यात नको असलेलं. १९६० च्या सुमारास आणखी एक गोष्ट उघडकीला आली. साखरेच्या साखळ्या तोडणारी बहुतेक एन्झाइम पाण्याचा रेणू मध्ये घालून बंध तोडतात. आधी पीटर आल्बर्सहाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, मग १९६२ मध्ये खुद्द मऊ सड करणाऱ्या जिवाणूंवर काम करणाऱ्या स्टार आणि मोरान यांनी दाखवलं की पेक्टिन तोडणारी काही एन्झाइम पाणी वापरतच नाहीत. ती साखळीतला एक हायड्रोजन ओढून घेतात आणि बंध तुटतो; तुटलेल्या टोकाला एक दुहेरी बंध तयार होतो. हा दुहेरी बंध अतिनील प्रकाश शोषतो. त्यामुळे एन्झाइमचं काम किती झालं हे मोजायचं तर नळीतून अतिनील प्रकाश सोडून किती अडला ते पाहायचं. आयरिश शेतकऱ्याची काडी ओढून बघण्याची परीक्षा इथे आकड्यात आली. अशा एन्झाइमना पेक्टेट लायेज म्हणतात.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड इथल्या शाखेत नोएल कीन हे वनस्पतिरोगतज्ज्ञ या लायेजांच्या जनुकांवर काम करत होते. त्यांचा जिवाणू अर्विनिया क्रिसँथेमी, बटाट्यापासून शेवंतीपर्यंत अनेक झाडं सडवणारा. आता त्याचं नाव डिकेया. तो एक नाही, पाच मुख्य पेक्टेट लायेज बनवतो, त्यांना ए ते ई अशी अक्षरं दिलेली. त्यांतल्या ‘सी’चे स्फटिक त्याच विद्यापीठातल्या फ्रान्सिस जुर्नाक आणि मॅरिलिन योडर यांनी क्ष-किरणांखाली धरले. १९९३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात रचना छापून आली आणि प्रथिनांच्या आकाराचा अभ्यास करणारे चकित झाले, कारण असं काही त्याआधी कुणी पाहिलंच नव्हतं.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. या साखळीची वेटोळी आणि चपट्या पट्ट्या असे दोन मुख्य घाट १९५० च्या दशकापासून माहीत होते. पट्ट्या शेजारीशेजारी लागून पत्रे होतात. पेक्टेट लायेज सीमध्ये साखळी चरकावर दोर गुंडाळावा तशी उजव्या वळणानं गोल गोल चढत जाते. सरासरी वीस-बावीस अमिनो आम्लांचा एक फेरा, प्रत्येक फेऱ्यात तीन छोट्या पट्ट्या, आणि वरच्या फेऱ्यातली पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर माथ्यावर. असे फेरे एकावर एक चढत एक उभा दंडगोल तयार होतो. त्याच्या तीन बाजूंना तीन लांबट पत्रे. एक फेरा आणि पुढचा फेरा यांत अंतर अर्ध्या नॅनोमीटरहून किंचित कमी. दंडगोलाच्या पोटात एकाच जातीची अमिनो आम्लं एकाखाली एक अशा रांगेत बसलेली. एका रांगेत तर ॲस्पॅराजिन या आम्लाची शिडीच लागलेली. हा घाट आता ‘समांतर बीटा-सर्पिल’ म्हणून ओळखला जातो.

एकदा दिसल्यावर तो इतरत्रही दिसू लागला. १९९४ मध्ये एका जिवाणुभक्षी विषाणूच्या शेपटीत सापडला, १९९६ मध्ये डांग्या खोकल्याच्या जिवाणूच्या पर्टॅक्टिन या प्रथिनात. पर्टॅक्टिन हा डांग्या खोकल्याच्या नव्या धाटणीच्या अनेक लशींचा एक घटक आहे. बटाट्याच्या सडीतून लशीपर्यंत जाणारी ही वाट कुणी आखलेली नव्हती.

पण धाग्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं आहे ते दंडगोलाच्या बाहेरच्या अंगाला असलेलं एक लांबट खोरं. पेक्टिनची साखळी गॅलॅक्टुरॉनिक आम्लाची. तिच्यातला काही भाग मिथाइल गटांनी झाकलेला असतो, तो दुसरं एक एन्झाइम उघडा करतं. मग प्रत्येक कड्यावर एक ऋण भार राहतो. वनस्पती याच ऋण भारांच्या मध्ये कॅल्शियम बसवून एक साखळी दुसरीला जोडते. पेक्टिनला घट्टपणा त्यामुळे येतो. १९९४ साली ब्रिटिश आणि फ्रेंच संशोधकांनी बॅसिलस सबटिलिस या मातीतल्या जिवाणूच्या लायेजची रचना मांडली, आणि त्या खोऱ्यात कॅल्शियम बसलेलं दिसलं. १९९९ मध्ये रिव्हरसाइडच्या गटानं आणखी एक युक्ती केली. कापण्याचं काम करणारं असं ज्याच्याबद्दल वाटत होतं ते २१८ व्या जागेवरचं आर्जिनिन त्यांनी बदलून तिथे लायसिन घातलं. एन्झाइम साखळीला धरायचं पण तोडायचं नाही. मग पेक्टिनचा पाच कड्यांचा तुकडा त्यात रुतलेला स्पष्ट दिसला, साखळीचे ऋण भार आणि खोऱ्यातली आम्लं यांच्यामध्ये कॅल्शियमचे आयन. वनस्पतीनं सांधा घट्ट करायला वापरलेलं कॅल्शियमच जिवाणू साखळी पकडायला वापरतो. आर्जिनिन जागेवर असलं की ते साखळीतला हायड्रोजन ओढतं आणि साखळी तुटते.

सेल्युलोजला या खोऱ्यात जागा का नाही, हे यावरून कळतं. सेल्युलोजच्या साखळीवर भारच नसतो, त्यामुळे कॅल्शियमला धरायला काही नाही. शिवाय त्या साखळ्या चपट्या फितीसारख्या एकमेकींना हायड्रोजन बंधांनी घट्ट चिकटून स्फटिकासारख्या रचलेल्या असतात. सुटी साखळी सापडणंच मुश्कील. पुढे १९९८ मध्ये पाणी वापरून पेक्टिन तोडणाऱ्या आणि २००१ मध्ये मिथाइल गट काढणाऱ्या जिवाणू-एन्झाइमच्या रचना आल्या, आणि दोन्हींचा सांगाडा तोच सर्पिल निघाला. सेल्युलोज खाणाऱ्या जिवाणूंची हत्यारं अगदी वेगळी. त्यांतल्या क्लॉस्ट्रिडियम थर्मोसेलममध्ये अनेक एन्झाइम एकाच मोठ्या जुळणीवर बसवलेली असतात, हे इस्राएलमधल्या एड बायर आणि राफाएल लामेद यांनी १९८३ साली दाखवलं होतं.

मग पेंढी उशिरा काढली की धागा दुबळा का होतो? कारण डोहात एकच जिवाणू नसतो. पेक्टिन खाणारे आधी जोर धरतात, कारण पेक्टिन सहज मिळतं. ते संपत आलं की त्यांच्यामागे थांबलेल्या, हेमिसेल्युलोज आणि सेल्युलोज तोडू शकणाऱ्या जिवाणूंची पाळी येते. शेतकरी ज्या क्षणाची वाट पाहत असतो तो या दोन टोळ्यांच्या मधला. रोस्सी आणि कार्बोने विरजण का लावत होते तेही यातून समजतं: पहिल्या टोळीला इतकं पुढे ढकलायचं की दुसरी पोहोचायच्या आत काम व्हावं.

एन्झाइमचा आकार हाती आला तोवर युरोपातला धंदा बराचसा संपला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लैये नदीत कुजवणी बंद पडली. काही काळ काँक्रीटच्या हौदांत तीस अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात काम चाललं. इंधन आणि सांडपाणी दोन्ही महाग पडू लागल्यावर तेही थांबलं. आज युरोपात जवस बहुतेक शेतातच पसरून दवानं कुजवतात, आणि तिथे काम मुख्यतः बुरशी करते. डोहाऐवजी आता हवामानावर विसंबायचं, एवढाच फरक. १९८० च्या दशकात डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीनं ‘फ्लॅक्सझाइम’ नावाचं तयार एन्झाइम काढलं. अमेरिकेच्या कृषी खात्यानं नंतर एन्झाइमला जोड म्हणून पेक्टिनमधलं कॅल्शियम ओढून घेणारी रसायनं वापरून पाहिली. धागा चांगला निघाला, खर्च परवडला नाही. पेक्टेट लायेजला खरं गिऱ्हाईक मिळालं ते सुती कापडाच्या प्रक्रियेत. कापसाच्या धाग्यावरचं पेक्टिन आणि मेण काढायला गिरण्या कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्यात कापड घालत. बॅसिलसचं लायेज तेच काम कमी तापमानाला करतं आणि सेल्युलोजला धक्का लावत नाही.

महाराष्ट्रात विजेचे पंप आले आणि मोट गेली, नायलॉनचा दोर आला आणि वाख गेला. अंबाडी राहिली ती भाजीपुरती. बंगालमध्ये मात्र ताग अजून पाण्यात आहे आणि पाणीच कमी पडतंय. पाऊस पुरेसा नसला की एकाच डबक्यात तीन-तीन शेतकऱ्यांचा माल एकामागून एक पडतो, पाणी काळं होतं, धागाही. बराकपूरच्या केंद्रीय ताग संशोधन संस्थेनं त्यासाठी बॅसिलस प्युमिलसच्या तीन वाणांचं एकत्र विरजण काढलं आहे, नाव ‘क्रिजाफ सोना’. शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळून ते विकतात. पेंढ्या रचताना थराथरावर शिंपडायचं. वाण निवडताना अट तीच, पेक्टिन खाणारा हवा, सेल्युलोजला शिवणारा नको. राष्ट्रीय ताग मंडळाच्या ‘ज्यूट-आयकेअर’ योजनेतून २०१५ पासून ही भुकटी शेतकऱ्यांपर्यंत जाते आहे. कुजवणीचे दिवस त्यानं साधारण आठवडाभरानं कमी होतात आणि धाग्याची प्रतही वर चढते. बुंध्याचा जाड भाग मागे राहण्याची अडचण भुकटीनं पुरती सुटलेली नाही, आणि दहाव्या दिवसाच्या सुमारास पाण्यात उतरून एखादं ताट उपसून साल ओढून पाहायचं काम अजूनही शेतकऱ्यालाच करावं लागतं.